नाव आधी पडलं, ध्रुव नंतर सापडले

अजिंठ्याला गाड्या थांबतात तिथे स्फटिक विकणारे बसतात. त्यांच्यातल्या एकाकडून मी काही वर्षांपूर्वी कॅल्साइटचा एक तुकडा घेतला. खडीसाखरेचा मोठा खडा बाजूने रेटून तिरपा करावा तसा आकार, आणि आरपार दिसेल इतका स्वच्छ. तेव्हापासून तो माझ्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून. निवडणुकीच्या दिवसांत एकदा तो वर्तमानपत्रावर ठेवलेला होता आणि त्याच्याखाली मथळ्यातला एक शब्द आला होता: 'ध्रुवीकरण'. स्फटिकातून तो शब्द दोनदा दिसत होता. एक ठसा जागेवर, दुसरा किंचित सरकलेला. खडा फिरवला की सरकलेला ठसा पहिल्याभोवती फिरायचा.

कॅल्साइट आत शिरणाऱ्या किरणाचे दोन किरण करतो आणि ते दोन्ही ध्रुवित असतात, एकमेकांशी काटकोनात. म्हणजे ध्रुवीकरण हा शब्द ध्रुवित होऊनच माझ्या डोळ्यांत येत होता. त्याच आठवड्यात मी मूलकणांच्या टकरींविषयी वाचत होतो आणि तिथेही पानोपानी हेच विशेषण: ध्रुवित इलेक्ट्रॉन, ध्रुवित झोत. मतदार, प्रकाश आणि इलेक्ट्रॉन या तिघांना एकच शब्द कसा चिकटला, याच्या मागे मी लागलो. मतदारांचं सोडतो, तिथे शब्द रूपक म्हणून गेला. पण प्रकाशाकडून इलेक्ट्रॉनकडे तो ज्या वाटेने गेला ती वाट मला अजून सोडत नाही. कारण प्रकाशाला हे नाव चुकीच्या समजुतीतून मिळालं होतं, आणि त्या समजुतीत चपखल बसणारा कण शंभरावर वर्षांनी माणसाच्या हाती आला.

सुरुवातीचे टप्पे बहुतेकांना ठाऊक असतात. १६६९ मध्ये कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिनने आइसलंडहून आलेल्या कॅल्साइटमधून दोन प्रतिमा दिसतात हे लिहून ठेवलं. (आइसलंड आणि आपलं दख्खन, दोन्ही बसाल्टचे प्रदेश, लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढतात.) १६९० मध्ये हॉयगेन्सने एकातून निघालेला किरण दुसऱ्या स्फटिकात घातला, तर दुसरा फिरवताच प्रतिमा उजळतात आणि विझतात हे पाहिलं, पण त्याचं कारण त्याला सांगता आलं नाही. न्यूटनने 'ऑप्टिक्स'च्या शेवटी जोडलेल्या प्रश्नांमध्ये किरणाला 'बाजू' असतात असं सुचवलं. आणि त्या बाजू व स्फटिक यांच्यातल्या ओढीची तुलना त्याने दोन लोहचुंबकांच्या ध्रुवांशी केली. ही तुलना लक्षात ठेवायची.

आता पॅरिस, १८०८. एतिएन-लुई मालुस हा तेहेतीस वर्षांचा लष्करी अभियंता. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत जाऊन, तिथे प्लेगच्या तोंडातून वाचून परतलेला. फ्रान्सच्या विद्वत्सभेने दुहेरी वक्रीभवनाच्या गणिती उपपत्तीसाठी पारितोषिक जाहीर केलं होतं आणि त्यासाठी त्याच्या घरात आइसलंडचे स्फटिक होते. घर रु दान्फेरवर. या नावाचा सरळ अर्थ 'नरकाचा रस्ता'. पण काही जण ते 'खालचा रस्ता' अशा लॅटिन नावाचा अपभ्रंश मानतात, आणि पुढे त्यातल्याच एका भागाला कर्नल दान्फेर-रोशरो यांचं नाव मिळालं. शब्द जागा सोडत नाहीत, नुसते अर्थ बदलून बसतात. समोर लक्झेंबर्ग राजवाडा. मावळतीचं ऊन राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होत होतं. मालुसने सहज स्फटिक डोळ्याला लावला आणि फिरवला. सूर्याच्या दोन प्रतिमा सारख्याच तेजस्वी दिसायला हव्या होत्या. पण स्फटिक फिरेल तशी एक मंदावायची, दुसरी उजळायची.

त्या रात्री त्याने पाण्यावरून आणि काचेवरून परावर्तित होणारा मेणबत्तीचा उजेड तपासला. विशिष्ट कोनातून परावर्तित झालेल्या साध्या उजेडातही स्फटिकातून निघालेल्या किरणाचाच गुण उतरत होता. हा गुण स्फटिकाचा खासगी ठेवा नव्हता. साध्या खिडकीलाही तो देता येत होता. पुढे त्याने दोन काचा समोरासमोर ठेवल्या. पहिलीवरून परावर्तित झालेला उजेड दुसरीवर पाडला आणि दुसरी काच त्या किरणाभोवती फिरवत नेली, तर एका जागी परावर्तन जवळजवळ थांबलं. पहिली काच गुण देते, दुसरी तो ओळखते. या दोन काचा आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

१८११ मध्ये त्याने या गुणाला नाव दिलं. किरणाच्या बाजूंना 'पोल', म्हणजे ध्रुव, म्हटलं आणि ते ध्रुव ठरावीक दिशेला लागण्याला 'पोलारिझास्यों'. इथे अभ्यासकांत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं की 'पोल' ही निव्वळ सोय होती: चार बाजूंना काहीतरी म्हणायचं होतं, चार दिशांसारखं. चुंबकाशी संबंध मागून जोडला गेला. दुसरा तट म्हणतो की मालुसच्या मनात लोहचुंबकच होता. मी दुसऱ्या तटात आहे, आणि ठामपणे. मालुस कणवादी होता. प्रकाश म्हणजे बारीक कणांचा मारा, हे तो धरून चालायचा. प्रत्येक कणाला आस असतो, आणि परावर्तन करणारा पृष्ठभाग हे आस एका दिशेला वळवतो, अशी त्याची मांडणी. विखुरलेल्या सुया चुंबकाने एका दिशेला लावाव्यात त्यापेक्षा हे वेगळं काय आहे? न्यूटनची तुलना त्याच्या पिढीला परिचित होती. त्याचा समकालीन ज्याँ-बातिस्त बिओ तर १८१२ मध्ये प्रकाशकणांचे आस होकायंत्राच्या काट्यासारखे दोलायमान होतात अशी कल्पना लढवत होता. नुसत्या चार बाजू मोजायच्या असत्या तर 'बाजू' हा न्यूटनचा शब्द पुरला असता. 'पोल' हवा असतो तो वळवण्यासाठी.

शब्दाच्या मुळाशी आणखी एक गंमत आहे आणि ती फक्त आपल्या भाषेतून दिसते. ग्रीक 'पोलोस' म्हणजे ज्याभोवती आकाश फिरतं तो खुंट. भाषाशास्त्रज्ञ त्याचा उगम 'फिरणे' अशा अर्थाच्या ज्या प्राचीन धातूत शोधतात, त्याच धातूतून आपले 'चक्र' आणि 'चर' आले. म्हणजे युरोपने ध्रुवाला नाव दिलं ते फिरण्यावरून. आपण दिलं ते न फिरण्यावरून. ध्रुव म्हणजे निश्चल, ध्रुवबाळाला मिळालेलं अढळपद. त्याच्या व्युत्पत्तीबद्दलही दोन मतं आहेत. परंपरेला जवळचं मत 'धृ' म्हणजे धरणे याच्याशी नातं सांगतं. दुसरं मत त्याला 'देवदार'मधल्या 'दारु'च्या, म्हणजे झाडाच्या, लाकडाच्या कुळात बसवतं आणि सुरुवातीचा 'ध' हा 'धृ'च्या संगतीने आला असं मानतं. मला दुसरं मत आवडतं, कारण त्यात रोवलेल्या खोडाचं चित्र आहे. प्रकाशासाठी मराठीत 'ध्रुवण' रूढ झालं आणि 'ध्रुवीकरण' राजकारणाने उचललं. फिरणं आणि अढळ राहणं, या दोन्ही कल्पना पुढे इलेक्ट्रॉनमध्ये एकत्र येतात. म्हणून हे इथे मांडून ठेवतो.

मालुस १८१२ मध्ये क्षयाने गेला. दहा वर्षांत त्याच्या कणांचा पाया उखडला. १८२१ मध्ये ऑगस्तीं फ्रेनेलने प्रकाश ही आडवी थरथरणारी लहर आहे हे दाखवलं. ध्रुवित प्रकाश म्हणजे एकाच प्रतलात थरथरणारी लहर. ना कण, ना आस, ना ध्रुव. नाव मात्र राहिलं. फ्रेनेलने तर त्या नावाचा विस्तार केला: लहरीचं टोक मळसूत्रासारखं गोल फिरत पुढे जात असेल तर ते 'वर्तुळ ध्रुवण', डावं किंवा उजवं.

हे वर्तुळ ध्रुवणच पुढे मालुसच्या मदतीला येतं, आणि त्यात एक धागा आपल्याकडचा आहे. १९३१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन आणि सूरी भगवंतम् यांनी विखुरलेल्या प्रकाशाचं ध्रुवण मोजून फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, स्वतःची फिरकी असते असा निष्कर्ष काढला. त्या लेखात त्यांनी एक नोंद करून ठेवली आहे. सत्येंद्रनाथ बोस यांच्या प्रसिद्ध सूत्रात एक 'दोन'चा गुणक येतो, तो नेमका कशाचा? बोस यांनी त्यांना व्यक्तिशः कळवलं होतं की प्रवासाच्या दिशेभोवती डावी किंवा उजवी अशी फोटॉनची फिरकी त्यांनी कल्पिली होती. १९३६ मध्ये रिचर्ड बेथने बारीक तंतूवर टांगलेली क्वार्ट्झची चकती वर्तुळ ध्रुवित उजेडाने पिळून दाखवली आणि शंका संपली. तेव्हा प्रकाशात कण आहेत आणि त्यांना आसही आहे. मालुस अर्धा बरोबर ठरला. अर्धाच, कारण खिडकीवरून आलेल्या त्याच्या उजेडात डाव्या आणि उजव्या फिरकीचं समसमान मिश्रण होतं, आणि फोटॉन काही लोहचुंबक नाही. पूर्ण बरोबर ठरायला इलेक्ट्रॉन हवा होता.

१९२५ मध्ये लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला फिरकी असते आणि तिच्यामुळे तो चिमुकला लोहचुंबक असतो असं मांडलं. उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव, मधून आस. मालुसने प्रकाशकणाचं जे चित्र काढलं होतं ते नेमकं हेच. अशा असंख्य इलेक्ट्रॉनांचे आस एका दिशेला लागले की तो ध्रुवित झोत.

पण हे नाव झोताला प्रकाशाकडूनच मिळालं कशावरून? कुणी म्हणेल, विजेच्या क्षेत्रात विद्युतरोधकाचंही ध्रुवण होतं, फॅरडेच्या काळापासून. झोताने शब्द तिथून उचलला असेल. मला हे पटत नाही, आणि माझा पुरावा शब्दात नाही, उपकरणात आहे.

१९२८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात रिचर्ड कॉक्स, मॅकइलरेथ आणि कुरेलमायर यांनी एक प्रयोग केला. इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागतो हे आदल्याच वर्षी दिसलं होतं. मग ती लहर प्रकाशासारखी ध्रुवित होते का, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी रेडियममधून सुटणारे इलेक्ट्रॉन सोन्याच्या एका पत्र्यावर पाडले, तिथून काटकोनात उसळलेले दुसऱ्या पत्र्यावर, आणि डावीकडे-उजवीकडे किती जातात ते मोजलं. मालुसच्या दोन काचांच्या जागी सोन्याचे दोन पत्रे आले होते. मधली पायरीही माहीत आहे: १९०५-०६ मध्ये चार्ल्स बार्कलाने क्ष-किरणांचं ध्रुवण अशाच दोन टप्प्यांच्या विखुरणीने दाखवलं होतं. १९२९ मध्ये केंब्रिजच्या नेव्हिल मॉटने डिरॅकच्या समीकरणावरून या दुहेरी विखुरणीचं गणित केलं आणि आजही इलेक्ट्रॉनचं ध्रुवण मोजण्याच्या एका पद्धतीला त्याचं नाव आहे. खिडकी, क्ष-किरण, सोन्याचा पत्रा: एकाच घराण्याच्या तीन पिढ्या. नाव त्या घराण्यातूनच चालत आलं.

कॉक्सच्या प्रयोगात दोन बाजूंच्या आकड्यांत फरक आला. लहान, पण पुन्हा पुन्हा येणारा. त्याचं काय करायचं हे कुणालाच कळेना. पुढच्यांनी रेडियम बाजूला ठेवून तापलेल्या तारेतून निघणारे इलेक्ट्रॉन वापरले, कारण ते भरपूर मिळतात आणि ताब्यात राहतात. फरक नाहीसा झाला. प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरलं. मॉटचा परिणामही इलेक्ट्रॉनवर नीट दिसायला १९४३ उजाडलं.

आज कळतं की रेडियममधून निघणारे इलेक्ट्रॉन जन्मतःच ध्रुवित असतात, कारण त्यांना जन्म देणारं दुर्बल बल डावं-उजवं यांत भेद करतं. निसर्ग असा भेद करत असेल असं १९५६ मध्ये ली आणि यांग यांनी सुचवलं आणि १९५७ मध्ये चिएन-शिउंग वू यांच्या चमूने कोबाल्टवर ते सिद्ध केलं. दुर्बल बलाचं हे डावखुरेपण सूत्रात बसवण्याचं काम त्याच वर्षी जॉर्ज सुदर्शन आणि रॉबर्ट मार्शाक यांनी केलं. सुदर्शन त्याआधी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९५९ मध्ये ली ग्रॉडझिन्स यांनी जुने लेख उकरून काढले आणि दाखवलं की कॉक्स यांना १९२८ मध्येच हा भेद दिसला असावा. मी हे वाचलं त्या दिवशी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही. तारेचे इलेक्ट्रॉन सोयीचे होते, आणि त्या सोयीनेच शोध एकोणतीस वर्षं लांबला.

यानंतरची कडी मला सगळ्यांत प्रिय आहे. इलेक्ट्रॉन ध्रुवित करायचे कसे? सोन्यावर आपटून थोडेच मिळतात आणि ध्रुवणही तुटपुंजं. उत्तर पुन्हा पॅरिसमधून निघालं. १९५० मध्ये अल्फ्रेड कास्तलेर यांनी सुचवलं की वर्तुळ ध्रुवित उजेड अणूंवर टाकला तर प्रकाशाची फिरकी अणूंच्या अंगात उतरेल. याला त्यांनी 'प्रकाशाने उपसणे' अशा अर्थाचं नाव दिलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. त्यांची प्रयोगशाळा एकोल नॉर्मालमध्ये होती, लक्झेंबर्ग राजवाड्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. ज्या मोहल्ल्यात प्रकाशाला चुकून लोहचुंबकाचं नाव मिळालं, तिथेच प्रकाशाने खऱ्या लोहचुंबकांना वळण लावायची युक्ती सुचली. इतिहासकार याला योगायोग म्हणतील. मी कुळकथा लिहितोय. मला एकाच गल्लीतली दोन घरं दिसतात.

१९७४ मध्ये गार्विन, पिअर्स आणि झीगमान यांनी हीच युक्ती गॅलियम आर्सेनाइडवर वापरायची कल्पना मांडली. हा अर्धवाहक एलईडीत आणि मोबाइलमध्ये असतो. त्याच्यावर सीझियमचा पातळ थर द्यायचा आणि वर्तुळ ध्रुवित लेझर टाकायचा, की डावे किंवा उजवे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत येल विद्यापीठाच्या व्हर्नन ह्यूज यांच्या गटाचं लिथियमवर चालणारं एक जुनं यंत्र होतं, त्याचं लाडकं नाव 'पेगी'; पोलराइज्ड इलेक्ट्रॉन गन यातल्या आद्याक्षरांवरून. त्याच नावाने गॅलियम आर्सेनाइडची नवी पेगी उभी राहिली. फिरकी उधार घेण्याची नव्हे, हातात हात देऊन सोपवण्याची ही रीत आहे: प्रकाश आपली फिरकी इलेक्ट्रॉनच्या स्वाधीन करतो. नावापाठोपाठ गुणही प्रकाशाकडूनच आला.

१९७८ चा प्रयोग, नाव ई-१२२, प्रमुख चार्ल्स प्रेस्कॉट. वाद मोठा होता. ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांच्या सिद्धांतानुसार विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बल एकाच मुळातून येतात. तसं असेल तर डावखुरा इलेक्ट्रॉन आणि उजवा इलेक्ट्रॉन अणुकेंद्रावरून किंचित वेगळ्या प्रमाणात उसळायला हवेत. ऑक्सफर्ड आणि सिअ‍ॅटलला बिस्मथच्या अणूंवर असा भेद दिसला नव्हता. नोव्होसिबिर्स्कला दिसला होता. स्लॅकमध्ये सुमारे ३७ टक्के ध्रुवित झोत ड्युटेरियमवर पाडला. फरक दहा हजारांत एखाद्याच्या घरातला. इतका बारीक फरक यंत्राच्या खोडीनेही येऊ शकतो, म्हणून त्यांनी केलेली एक तपासणी मला फार देखणी वाटते. लक्ष्याकडे जाताना झोत साडेचोवीस अंशांत वळत होता. वळताना इलेक्ट्रॉनची फिरकी त्याच्या वाटेपेक्षा जास्त वळते आणि किती जास्त हे झोताच्या ऊर्जेवर ठरतं. ऊर्जा सुमारे १६.२ वरून १९.४ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर नेली की डावे ते उजवे होतात. मोजलेला फरकही नेमका तिथेच उलटला. यंत्राच्या खोडीला हे जमणार नव्हतं. डावे जास्त उसळत होते. पुढच्या वर्षी ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग या तिघांना नोबेल मिळालं.

सरळ यंत्रात हे सोपं, पण वर्तुळाकार यंत्रात ध्रुव टिकवणं कठीण. फिरणारा भोवरा आपला कणा गोल डुलवत राहतो, तसा चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनचा आस डुलतो. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या लेप या कड्यात ४५.६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला तो एका फेरीत १०३ वेळा डुलायचा. पृथ्वीचा कणाही असाच डुलतो, सुमारे २६,००० वर्षांत एकदा. म्हणून आजचा ध्रुवतारा पूर्वी ध्रुवावर नव्हता. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन'मध्ये वेदांचा काळ काढला तो याच डुलण्याच्या हिशेबाने. अढळपद आकाशातही ढळतं. यंत्रात ते ढळण्याआधी सांभाळावं लागतं. त्यासाठी नोव्होसिबिर्स्कच्या देर्बेनेव्ह आणि कोंद्रातेन्को यांनी वळणावळणाच्या चुंबकांची मालिका सुचवली. तिला 'सैबेरियन साप' म्हणतात, आणि ब्रुकहेवनच्या रिक यंत्रात ध्रुवित प्रोटॉन अशा सापांच्या जोरावरच फिरले.

कड्यात एक सोय आपोआपही होते. सोकोलोव्ह आणि तेर्नोव्ह या रशियन जोडीने १९६० च्या दशकात गणित मांडलं की वळताना प्रकाश सोडणारे इलेक्ट्रॉन हळूहळू स्वतःच ध्रुवित होतात, आदर्श स्थितीत ९२.४ टक्क्यांपर्यंत. पुन्हा प्रकाशच. लेपमध्ये याला तासन्‌तास लागायचे. पण त्या ध्रुवणाचा उपयोग असा झाला की डुलण्याचा वेग मोजून झोताची ऊर्जा आणि तिच्यावरून दुर्बल बल वाहून नेणाऱ्या झेड कणाचं वस्तुमान ठरलं: ९१.१८७६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, अनिश्चितता ०.००२१. एवढ्या बारकाईला चंद्रसुद्धा आड येत होता. भरतीच्या ओढीने जमीन ताणली जायची, कड्याचा परीघ मिलिमीटरभर बदलायचा आणि ऊर्जेचा आकडा हलायचा. पॅरिसला जाणाऱ्या वेगवान गाडीच्या रुळांतून झिरपलेली वीजही आकड्यात दिसली.

आता नव्या भौतिकीचा शोध. पोलरॉइड गॉगल लावला की तळ्यावरची चकाकी जाते आणि पाण्यातले मासे दिसतात. चकाकी म्हणजे मालुसच्या खिडकीवरचाच उजेड. कोलायडरमध्ये, म्हणजे कणांचे झोत समोरासमोर आदळवणाऱ्या यंत्रात, हेच करतात. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीत दुर्बल बलाच्याच डब्ल्यू कणांच्या जोड्या भाराभर निर्माण होतात आणि बारीक खुणा त्यांत बुडतात. झोत उजवा केला की ही चकाकी जवळजवळ मावळते, कारण डब्ल्यू उजव्या इलेक्ट्रॉनला ओळखत नाही. जे उरतं त्यात अनोळखी काही असेल तर उठून दिसतं. म्हणूनच प्रस्तावित आंतरराष्ट्रीय रेषीय कोलायडरच्या आराखड्यात इलेक्ट्रॉन ८० टक्के आणि पॉझिट्रॉन ३० टक्के ध्रुवित असावेत असं ठरलेलं आहे. हॅम्बुर्गच्या हेरा यंत्रात उलट बाजूने तपासलं गेलं: झोत उजवीकडे झुकवत नेला तशी डब्ल्यूमार्फत होणारी क्रिया सरळ रेषेत घटत शून्याकडे निघाली. उजव्या हाताचा कुणी दुसरा डब्ल्यू असता तर ती रेषा शून्यावर टेकली नसती.

पण माझ्या मते ध्रुवित झोताने उभा केलेला सगळ्यांत मोठा प्रश्न अजून तसाच आहे. विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बल किती प्रमाणात मिसळलेली आहेत हे सांगणारा एक आकडा आहे. स्लॅकच्या रेषीय कोलायडरमध्ये १९९२ ते १९९८ या काळात ध्रुवण २२ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांपर्यंत चढलं. गॅलियम आर्सेनाइडचा थर मुद्दाम ताणलेला वापरल्याने हे साधलं. सुमारे पाच लाख झेड कणांतून त्यांनी आकडा काढला: ०.२३०९८. लेपने पावणेदोन कोटींच्या आसपास झेड कण गोळा केले, पण तिथले टकरीचे झोत ध्रुवित नव्हते. तिथे बॉटम क्वार्कच्या दिशांवरून सर्वांत नेमका आकडा निघाला: ०.२३२२१. दोघांमधलं अंतर तीन सिग्मांहून थोडं जास्त, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडायची शक्यता हजारात एक-दोन. दोन्ही यंत्रांनी टकरी मोजल्या त्या मात्र एकाच फुटपट्टीने, होमी भाभांनी १९३६ मध्ये गणित केलेल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन विखुरणीने.

सरासरी काढून पुढे जायची रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. कॉक्सच्या प्रयोगाचं काय झालं ते वर सांगितलं. पाच लाख कणांनी पावणेदोन कोटींना टक्कर द्यावी हे बळ त्या झोताला ध्रुवणातून आलं, आणि उलटतपासणीही ध्रुवित झोतानेच व्हायला हवी. त्या दिशेने कामं चालू आहेत. स्लॅकच्या ई-१५८ ने इलेक्ट्रॉनवरून इलेक्ट्रॉन उसळवून अब्जात १३१ इतका बारीक डावा-उजवा फरक मोजला. जेफर्सन प्रयोगशाळेतल्या मॉलर प्रयोगाला तोच फरक आणखी बारकाईने मोजायचा आहे. जपानच्या सुपरकेईकेबी यंत्रात ध्रुवित इलेक्ट्रॉन सोडण्याचा प्रस्तावही पुढे आला आहे.

या सगळ्या यंत्रांच्या तोंडाशी, लेझर आणि गॅलियम आर्सेनाइड यांच्या मध्ये, एक छोटा स्फटिक बसवलेला असतो. त्याला पॉकेल्स सेल म्हणतात, फ्रीड्रिख पॉकेल्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. विजेचा दाब दिला की या स्फटिकाच्या अंगी दुहेरी वक्रीभवन येतं, बार्थोलिनने आइसलंडच्या खड्यात पाहिलं तेच. दाबाची दिशा बदलली की लेझर डाव्याचा उजवा होतो आणि त्याच्यामागे अख्खा झोत. ई-१२२ मध्ये ही अदलाबदल सेकंदाला १२० ठोक्यांच्या वेगाने चालायची, आणि पुढचा ठोका डावा की उजवा हे यदृच्छेने ठरायचं, म्हणजे यंत्राची कुठलीही लय आकड्यात शिरू नये. माझ्या टेबलावरच्या खड्याखाली 'ध्रुवीकरण' दोनदा दिसतं ते त्याच गुणामुळे.